पोस्ट बदलायची आहे

मी लेथवरची टूल पोस्ट बोलतेय. लेथ म्हणजे लोखंड फिरवून कातायची मशीन. त्या फिरत्या लोखंडापुढं कातणारं हत्यार घट्ट धरून उभं राहायचं, एवढंच माझं काम. चार बाजूंनी चार हत्यारं धरते, म्हणून मला चौमुखी म्हणतात. चार तोंडं असली की चारी दिशांचं ऐकू येतं, अन् ऐकून ऐकून स्वभाव संशयी होतो. त्याला माझा इलाज नाही.

जन्म मला धड आठवत नाही. बंद पडलेल्या एका वर्कशॉपातून मशीनसोबत मी जबलपूरला, विजय नगरात आले. माझे मालक गुलाबराव तिथल्याच खमरिया भागातल्या सरकारी फॅक्टरीतून रिटायर झाले अन् मागच्या पडवीत त्यांनी आम्हाला बसवलं. कुणाच्या कूलरचा शाफ्ट, कुणाच्या गिरणीचं बुश. काम थोडं, पण माणूस खूश.

माझ्यात एक खोड आहे, लपवत नाही. हत्याराचं टोक फिरत्या लोखंडाच्या बरोब्बर मध्यावर यावं लागतं. माझ्यात ते आपोआप येत नाही. खाली पत्र्याच्या पट्ट्या घालून उचलावं लागतं. गुलाबराव बिस्किटाच्या डब्याचं झाकण कापून पट्ट्या करत. एक घालत, एक काढत, वाकून पाहत.

दिवाळीनंतर हे वाकणं फार वाढलं. तरी कातलेल्या लोखंडाच्या मधोमध बारीकशी गाठ राहायची. टोक वर-खाली असलं की ती राहतेच. गुलाबराव ती बोटानं चाचपायचे अन् माझ्याकडं असे पाहायचे, जशी काही मीच चोरी केली. "हीच झिजली असंल," म्हणायचे. माझा संशय दुसरीकडं होता. चहाचा कप ते ओट्याच्या काठाबाहेर ठेवायला लागले होते. दोन फुटले.

एका दुपारी त्यांनी नागपूरला पोराला, वीरेंद्रला, फोन लावला. आवाज अगदी हळू. "जुनी पोस्ट आता निभत नाही रे. नवी पाहून ठेव. तुह्या आईले सध्या सांगू नको."

मी जागच्या जागी थंड पडले. अन् दारात चहा घेऊन उभ्या भीमाबाई माझ्याहून थंड. नोकरीवाल्याच्या घरात पोस्ट म्हणजे नोकरी. त्यांनी त्याच दिवशी नवऱ्याचे बूट पेटीत घालून कुलूप लावलं.

मग कुरिअरचं जड खोकं आलं.

"ड्रेस आला काय नव्या पोस्टचा?" भीमाबाईंनी विचारलं.

"कोनता ड्रेस?"

"लपवून राहिले? सारं ऐकलं म्या. या वयात कोन देऊन राहिलं तुमाले पोस्ट? कुठं?"

"इथंच. पडवीत."

"अच्छा! पडवीत ऑफिस उघडलं!"

गुलाबराव हसत सुटले. माझ्यावर थाप मारून म्हणाले, "अवं, ही पोस्ट! हिच्या जागी नवी. तिच्यात पट्ट्या नाही लागत. प्रत्येक हत्याराचं घर वेगळं. स्क्रूनं एकदा उंची बांधली की झालं. चढवा, उतरवा."

भीमाबाईंचा संशय असा थोडाच उतरतो. "मंग मले सांगू नको, काहून म्हटलं? दाखवा बरं, हिच्यात काय जमत नाही."

मशीनच्या मागच्या टोकाला एक सुळा असतो, त्याचं टोक बरोब्बर मध्यावर. गुलाबरावांनी माझं हत्यार त्याच्यासमोर आणलं. दोन्ही टोकं भिडायला हवीत. "हे पाह्य, बरोबर आहे."

भीमाबाईंनी मान तिरपी केली. "बरोबर? तांदळाभर खाली आहे. तुमाले दिसत नाही?"

"दिसते," ते म्हणाले. मग स्टुलावर बसले. "नाही दिसत. सारं धुकं आहे. डॉक्टर म्हनंल, ऑपरेशन करा. त्यात डोळा गेला तर हे काम बी गेलं."

"म्हनून पोस्ट बदलून राहिले? चलो, आधी डोळा."

आज सकाळी दोघं ऑटोनं मोतीबिंदूच्या दवाखान्यात गेले. खोकं फळीवर आहे, अजून न उघडलेलं. आतून चकार शब्द नाही. नव्या अशाच असतात, शहाण्या.

माझं मागणं एवढंच, की आधी डोळा उघडू द्या, मग दोघींना पाहा. साफ नजरेनं माझी झीज पाहिली अन् मला उतरवलं, तर तक्रार नाही. पट्ट्यांची कटकट तर खरीच आहे. पण धुक्यातून पाहून कुणी मला झिजलेली म्हणू नये.

निघताना भीमाबाईंनी मला फडक्यानं पुसलं अन् तेल लावलं. तेल कामाआधी लावतात, अन् कायमचं ठेवून द्यायच्या आधीही लावतात. त्यांनी कशासाठी लावलं, ते त्यांनाच ठाऊक.