बॅटरीनं बोलावलं

माणसानं अंधारावर मिळवलेला विजय ही मानवजातीच्या इतिहासातली सर्वांत थोर घटना होय. नरडाण्याच्या शिवारात लोटन आबांच्या बॅटरीपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नव्हती. ती लागायची, विझायची, पुन्हा लागायची. मांडवाच्या दाराशी रुसून उभ्या राहिलेल्या जावयासारखं तिचं आत यावं की बाहेर जावं हे ठरत नव्हतं.

आबांचं आयुष्य जिनिंग कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलेलं. कापसाची गाडी काट्यावर चढली की काटा पुरता थांबेपर्यंत ते वजन सांगत नसत. गाडीवाला शिव्या देई, मालकही देई; आबा काट्याकडे बघत बसत. निवृत्त झाल्यावर ते बायकोला, कमलबाईला घेऊन मळ्यातल्या दोन खोल्यांत राहायला आले. मुलगा ज्ञानेश्वर सुरतेला गेला. मग कमलबाईही गेली, ती कायमचीच, आणि त्या दोन खोल्या एकाएकी फार मोठ्या झाल्या.

नाल्यापलीकडच्या मळ्यात देवचंद नाना आणि त्याची बायको रुक्माबाई. ह्या दोन घरांमधला बॅटरीचा करार बायकांनी केलेला होता. मागे शिवारात बिबट्या आल्याची आवई उठली, तेव्हा दोघींनी ठरवलं: दिवे लागले की ओट्यावरून एकमेकींच्या घरावर एकदा बॅटरी धरायची. उजेड स्थिर असला तर सगळं ठीक. लुकलुकला तर धावत या. गावानं पिंजरा लावला, त्यात एक बकरी सापडली आणि तिला सोडवायला गेलेला तिचा मालक सापडला. बिबट्या काही आला नाही. करार मात्र चालू राहिला, आणि कमलबाईनंतर तो आबांच्या अंगावर पडला.

आबा आणि देवचंद नाना एकमेकांशी बोलत नव्हते. बांधावरची बाभूळ कोणाची, ह्यावरून ते बिनसलं होतं. पुढे ती बाभूळ वादळात पडली, अर्धी अर्धी होऊन दोघांच्या चुलीत जळाली. भांडण तेवढं उभं राहिलं. आधी हाक मारील त्यानं बाभूळ सोडली, असा त्याचा हिशेब होता. आबांनी मनाशी ठरवलं होतं की प्राण गेला तरी नानाला हाक मारायची नाही. बॅटरीचं वेगळं. बॅटरी रुक्माबाईला दाखवायची असे.

म्हणूनच त्या संध्याकाळी बॅटरी लुकलुकली आणि थोड्या वेळानं नाना काठी घेऊन धापा टाकत ओट्यावर येऊन उभा राहिला, तेव्हा आबांना बिबट्या आला असता तर बरं झालं असतं असं वाटलं.

"काय व्हयनं? कथा शे तो?" नानानं अंधारात चौफेर बघत विचारलं.

"कोन?"

"बिबट्या!"

"कसाना बिबट्या?"

"मंग बलावं कसाले?"

"मी नही बलावं," आबा म्हणाले. "बॅटरीनी बलावं."

नानानं बॅटरी हिसकावून घेतली आणि बटण दाबून धरलं. उजेडाचा सरळ, जाड पट्टा पार विहिरीपर्यंत गेला. नाना बटण दाबून तसाच उभा. उजेड शाळेतल्या प्रार्थनेला उभा राहिल्यासारखा गप्प.

"दख. हाई तं सरळ पेटस."

"तुले दखीसन घाबरनी व्हई."

"पहिले बलावस, मंग बॅटरीनं नाव सांगस! मान्य कर, बाभूय मनी व्हती."

"बाभूय मनी व्हती, आनि मी बलावं नही."

नाना घोटभर पाणीही न पिता परतला. त्याचा उजेड नाल्यात उतरून पलीकडे चढेपर्यंत आबा दारात उभे होते. आत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की खोलीत बऱ्याच दिवसांनी दोन माणसांचा आवाज झाला होता. तो भांडणाचा होता, हे खरं.

दुसऱ्या दिवशी आबांनी बॅटरीची सर्व अंगांनी चौकशी मांडली. सेल काढले, उलटे घातले, सुलटे घातले. नवे आणून घातले. मागची स्प्रिंग ओढून लांब केली, तिच्यावरचा गंज काडेपेटीच्या खरबरीत बाजूनं घासला. काचेचं झाकण आवळलं. बटणाच्या फटीत फुंकर मारली. सुरतेला फोनही लावला.

"बाबा, अशी बॅटरी कोण दुरुस्त करतं का? टाकून द्या, नवीन पाठवतो," ज्ञानेश्वर म्हणाला. मागे यंत्रांचा खडखडाट होता. "दुसरं काही?"

"नाही. तेवढंच," आबा म्हणाले. दुसरं काही काय असतं, हे फोन ठेवल्यावर आठवतं.

शेवटी त्यांनी बटणावर सुतळी आवळली आणि बॅटरी लावून कोनाड्यात ठेवली. चहाचा कप घेऊन ते तिच्यासमोर बसले. चहा बशीत सांडला. हल्ली कपच वेडेवाकडे निघतात, असं त्यांचं मत होतं. बॅटरी सारी दुपार जळली. पापणीसुद्धा लवली नाही. आबांनी सुतळी सोडली आणि तिला म्हणाले, "चांगली गुणाची शे. मंग माणसासमोर आसं काबर करस?"

संध्याकाळ झाली तसे ते पेचात पडले. बॅटरी दाखवावी तर ती लुकलुकणार. न दाखवावी तर आबा गेले असं समजून रुक्माबाई अख्खं गाव गोळा करणार, आणि आलेल्या गावाला चहा करायला घरात दूध नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी बॅटरी धरली, श्वास रोखला आणि बटण दाबलं. ती आदल्या दिवसापेक्षा जास्त लुकलुकली.

ह्या खेपेला नाना सावकाश आला. काठीऐवजी हातात पक्कड होती. आत येऊन तो सरळ खाटेवर बसला. बॅटरी उघडली, सेल बघितले, स्प्रिंग बोटानं दाबून बघितली, पुन्हा सगळं बसवलं आणि बटण दाबलं. समोरच्या भिंतीवर उजेडाचं गोल चकंदळ उमटलं. जागचं हललं नाही.

"धर," नाना म्हणाला. "आते तू दाब."

आबांनी दाबलं. चकंदळ थरथरलं, विझलं, लागलं, विझलं. भिंतीवर कमलबाईचा फोटो होता. तो दिसायचा आणि नाहीसा व्हायचा.

नानानं बॅटरी घेतली. फोटो स्थिर. परत आबांच्या हातात दिली. फोटो पुन्हा येऊ-जाऊ लागला.

आता दोघंही भिंतीकडे बघत नव्हते. दोघंही आबांच्या अंगठ्याकडे बघत होते. आबा तो थांबायची वाट बघत राहिले. पुष्कळ वेळ वाट बघितली. मग त्यांनी बॅटरी हळूच खाटेवर ठेवली आणि हात सदऱ्याच्या खिशात घातला.

नानानं बॅटरीच्या बटणावर बोट टेकवलं.

"बटन ढिलं शे," तो म्हणाला. "आते आसाच माल येस."

बाभळीच्या बाबतीत एक अक्षर मागं न घेणारा हा माणूस इतकं सफाईदार खोटं बोलू शकतो, हे आबांना ठाऊक नव्हतं.

"व्हय," ते म्हणाले. "बटनच ढिलं शे."

"मंग राहू दे आशीच. रुक्माले मी सांगसु, आबानी बॅटरी आशीच पेटस, घाबरू नको. पेटनी म्हंजे बठ्ठं ठीक. नहीच पेटनी तं येसु."

नानानं पक्कड खिशात घातली आणि तो उठला. बिघाड कायमचा मिटला होता. आता उद्या, परवा, केव्हाही बॅटरी कितीही लुकलुकली तरी नाल्यापलीकडून कोणी येणार नव्हतं. हे आबांच्या ध्यानात आलं तेव्हा नानाचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला होता.

"नाना."

नाना थांबला. ही हाक बॅटरीनं मारलेली नव्हती. तो वळला, पण बाभळीचं नावसुद्धा त्यानं काढलं नाही.

"काय रे, आबा?"

सांगण्यासारखं इतकं होतं की आबांना काही सुचेना. ह्या खोल्या दिवस मावळला की किती लांबरुंद होतात, काल तू भांडून गेलास तरी जेवण कसं बरं गेलं, कमलबाई असती तर आपल्या दोघांना काय काय बोलली असती.  शेवटी ते चुलीमागच्या फळीकडे मान हलवून म्हणाले,

"जाता जाता तेवढी लोणचानी बरनी उघडी दे. माले उघडत नही."