डावा ठिपका, उजवा ठिपका

पक्कड चार दिवस डॉक्टरांशी बोलत नव्हती. भांडण फळ्यावरून झालं होतं.

वेधशाळेच्या घुमटाच्या दाराशी एक काळा फळा होता. दुर्बिणीचं काहीही कुणी उघडलं, बदललं, पुसलं की त्याने तिथे खडूने लिहायचं, काय केलं आणि कधी केलं. हा नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता. पक्कडच्या आधीच्या मेकॅनिकने तो घालून दिला होता आणि पक्कडने अठरा वर्षं पाळला होता. तिच्या खिशात कायम पक्कड असायची म्हणून तिला तेच नाव पडलेलं. दुर्बिणीचा एकेक नट तिच्या ओळखीचा, पण पदवीच्या नावाने शून्य. डॉक्टर खगोलशास्त्राचे, त्यांच्याकडे पदव्या तीन, आणि खडू दिसला की त्यांचे हात शिवशिवत. चार दिवसांपूर्वी त्यांनी तिची सहा महिन्यांची टिपणं डस्टरने सफाचट केली आणि तिथे आपलं लांबलचक समीकरण मांडलं. वर म्हणाले, "अहो, मला वाटलं वाणसामानाची यादी आहे."

वाणसामान! घुमट कुठे अडकतो, कुठली मोटर तापते, कुठली वायर उंदराने खाल्ली, हे सगळं त्यात होतं. पण आपल्याकडे अक्कल पदवीच्या कागदावर मोजतात, आणि हाताला वंगण लागलेलं असलं की माणसाचं अक्षरही मळकं दिसतं.

"बरं," पक्कड म्हणाली. "फळा तुमचा. लखलाभ."

दुसऱ्या दिवशी तिने कॅमेऱ्यासमोरचा तिरका आरसा काढला. त्याच्यावर डाग पडले होते. आरसा मुलामा द्यायला पाठवला आणि कॅमेरा सरळ दुर्बिणीच्या बुडाशी बसवला. काम असं चोख झालं की तिचं तिलाच कौतुक वाटलं. फळ्यावर मात्र तिने एक अक्षर लिहिलं नाही. समीकरणाकडे बघितलं, खडू होता तिथे ठेवला आणि जेवायला गेली. मग तीन रात्री ढग होते. घुमट उघडलाच नाही.

चौथ्या संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं निघालं. पक्कडचे बाबा डबा घेऊन टेकडी चढून आले. बाबांची हयात कारखान्याच्या बॉयलरवर गेली होती. निवृत्तीनंतर लेकीजवळ खालच्या क्वार्टरमध्ये राहत होते आणि डबा हे घुमटात घुसायचं त्यांचं निमित्त होतं. ते नियंत्रण खोलीतल्या स्टुलावर टेकले, तेवढ्यात डॉक्टरांचा फोन कर्कश ओरडला. सूर्य नुकताच बुडाला होता.

डॉक्टरांनी फोन वाचला आणि ते उभेच राहिले. "स्फोट. वीस मिनिटांपूर्वी. गॅमा किरणांचा. उपग्रहाने पकडलाय!"

"कुठे?" पक्कड म्हणाली. चार दिवसांचा अबोला असा एका शब्दात गेला, तिच्या लक्षातही आलं नाही.

"पश्चिमेला. खाली. सव्वा तासात टेकडीआड जाणार!"

"मग उभे काय राहिलात? घुमट उघडते मी!"

घुमटाच्या मोटरने घरघर केली, फट उघडली, आत निळसर संधिप्रकाश आला. इतक्या उजेडात दुर्बीण उघडायची नाही हाही नियमच. तो आज दोघांनीही बिनबोभाट मोडला. दुर्बीण म्हातारीसारखी कण्हत वळली. पक्कड एका हाताने बटणं दाबत होती, दुसऱ्या हाताने घुमटाला अक्षरशः ढकलत होती.

"काय हरवलंय?" बाबांनी विचारलं.

"बाबा, लांब कुठेतरी एक तारा मेला," ती धावता धावता म्हणाली. "मरताना एवढा भडका उडाला की इथपर्यंत दिसला. भडका अर्ध्या मिनिटात संपला. पण मागे धग उरते, ती उजळ ठिपक्यासारखी दिसते. तीही भराभर विझते. विझायच्या आत ती नेमकी कुठे आहे ते शोधायचं."

"म्हणजे बॉयलर फुटला, आता निखारा शोधताय."

"तेच."

"मग बडबड कशाला करतेस, शोध की!"

डॉक्टर मॉनिटरसमोर बसले होते आणि गुडघा थरथर हलवत होते. "बाई, ऐका. पलीकडच्या खंडातल्या मोठ्या दुर्बिणीकडे अजून दिवस आहे. त्यांच्याकडे अंधार पडला की त्यांनाही तासभरच मिळणार. आपण नेमकी जागा सांगितली तर ते त्या उजेडाची चिरफाड करून अंतर काढतील. नाही सांगितली, तर शोधण्यातच त्यांचा तास जाईल आणि मग ते कायमचं गेलं. कुणालाच परत दिसणार नाही."

भडक्याला चाळीस मिनिटं झाली तेव्हा पहिला फोटो आला. आकाश अजून उजळ होतं, ताऱ्यांचे जेमतेम पाच ठिपके उठले होते. कॉम्प्युटरने जुन्या नकाशाशी ताडून बघायचा प्रयत्न केला आणि हात वर केले. तारे फारच कमी होते.

"डोळ्यांनी जुळवतो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी जुना नकाशा शेजारी लावला. तीन ठळक तारे, घराच्या छपरासारखा त्रिकोण, दोन्ही बाजू सारख्या. फोटोतही तोच त्रिकोण. नकाशात त्रिकोणाच्या उजव्या अंगाला एक तारा होता. फोटोत एक ठिपका उजवीकडे होता आणि एक डावीकडे.

"उजवीकडचा जुनाच. पण हा डावीकडचा..." डॉक्टरांचा आवाज फुटला. "हा नकाशात नाही! बाई, हा नवीन आहे! मिळाला! मिळाला आपल्याला!"

त्यांनी टेबलावर मूठ आपटली. कपातला चहा उडाला. पक्कड ओरडली, बाबांनी टाळी वाजवली. वयाने मोठी तीन माणसं त्या खोलीत शाळा सुटल्यासारखी नाचली.

"तो उजवीकडचा नकाशापेक्षा जरा सरकलेला दिसतोय," बाबा म्हणाले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, तेव्हापासून त्यांना गरजेपेक्षा जास्त दिसायचं.

"काका, एवढ्या उजेडात ठिपका हलल्यासारखा दिसतोच," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी तातडीचं पत्रक लिहायला घेतलं. हे पत्रक एका बटणासरशी जगातल्या सगळ्या वेधशाळांत जातं. "फक्त दुसरा फोटो येऊ द्या. धग विझताना दाखवली की कुणी तोंड उघडायला नको."

एक तास पुरा झाला तेव्हा दुसरा फोटो आला. कॉम्प्युटरने दोन्ही ठिपक्यांचा उजेड मोजला. डावा मघाशी दहा हजार होता, आत्ताही दहा हजार. उजवाही मघाशी तेवढाच होता. तो आता सहा हजारांवर आला होता.

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "डावा विझला कसा नाही?"

"आणि उजव्याला काय झालं?" बाबा म्हणाले. "तो का बसला?"

"पातळ ढग आला असेल त्याच्यावर."

"एकट्यावरच? मोठा गुणी ढग आहे."

"काका, प्लीज! डाव्यावरचा ढग हटला असेल, म्हणून विझणं दिसत नसेल." शिकलेला माणूस एकदा नाचला की मग त्याला पाय मागे घेता येत नाहीत, तो आभाळात नसलेले ढग आणतो. "वेळ नाहीये. पाठवतो मी हे."

पक्कड स्क्रीनकडे बघत होती. डावा, उजवा. डावा, उजवा.

आरसा.

तो तिरका आरसा होता तोवर त्यातलं उलटं चित्र कॉम्प्युटर सुलटं करून दाखवायचा, म्हणून ते नकाशासारखंच यायचं. आरसा काढला आणि कॉम्प्युटर तसाच ठेवला की डावं उजवीकडे जातं आणि उजवं डावीकडे. न्हाव्याच्या दुकानात बसलेल्या पोरालासुद्धा हे कळतं. त्रिकोण दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणून उलटा होऊनही चपखल बसला. डॉक्टर ज्याला नवीन म्हणत होते तो डावा ठिपका म्हणजे नकाशातला जुना उजवा तारा होता. आणि ज्याला ते जुना म्हणत होते तो विझत होता.

डॉक्टरांचं बोट बटणाच्या वर होतं.

खरं सांगायचं तर तिने एक श्वासभर वाट पाहिली. पाठवू दे. सगळ्या जगापुढे तोंडावर पडू दे. सहा महिन्यांची टिपणं पुसताना हात कापला होता का? पत्रकावर नाव त्यांचंच जाणार होतं, तिचं तसंही कधीच गेलं नव्हतं. आरशाचं कुणाला ठाऊक होतं? फळ्यावर काही नव्हतं. जे फळ्यावर नाही ते झालंच नाही.

पण तो ठिपका. दहा हजारांचा सहा हजार झाला होता आणि ती मनातल्या मनात सूड मोजत बसली होती तेवढ्यात आणखी उतरत होता.

"थांबा!" ती एवढ्या जोरात ओरडली की बाबांच्या हातून डब्याचं झाकण पडलं. "पाठवू नका. चित्र उलटं आहे."

"काय?"

"मी आरसा काढलाय. तीन दिवसांपूर्वी. डावं ते उजवं आहे. तुमचा नवीन तारा जुना आहे आणि तुमचा जुना विझतोय."

डॉक्टरांचं बोट हवेतच राहिलं. "आरसा काढला? आणि लिहिलं का नाही?"

"तुमच्यावर राग होता म्हणून."

"राग होता म्हणून?"

"हो! अठरा वर्षांत पहिल्यांदा लिहिलं नाही. चूक माझी. नंतर काय बोलायचं ते बोला, आधी चित्र उलटवा!"

बाबांनी नुसतं लेकीकडे बघितलं. बॉयलरवर ज्याने झडप फिरवून नोंद केली नसेल त्याच्याकडे ते असंच बघत असणार. त्यापेक्षा डॉक्टरांच्या चार शिव्या परवडल्या असत्या.

डॉक्टरांनी बटण दाबून चित्र उलटवलं. त्रिकोण जागेवर बसला. जुना तारा नकाशातल्या ताऱ्यावर असा टेकला की केसाचा फरक उरला नाही. आणि दुसऱ्या अंगाला, नकाशात जिथे नुसता अंधार होता तिथे, एक ठिपका होता. मंद. एकटा.

"देवा रे," डॉक्टर हळूच म्हणाले. "हाच तो. मी ह्यालाच ढग लावत होतो."

"तिसरा फोटो हवा," पक्कड म्हणाली. "एकदा फसलोय. ह्या वेळी विझण्याचे दोन टप्पे हातात असू देत."

"पण तो खाली गेलाय. घुमटाची खालची झडप..."

"ती अडकते! हेच होतं की तुमच्या वाणसामानाच्या यादीत!"

ती जिन्यावरून धावली. खालची झडप निम्म्यातच रुतून बसली होती आणि दुर्बिणीचं अर्धं तोंड झाकत होती. मोटर नुसतीच गुरगुरत होती. पक्कड शिडीवर चढली, झडपेच्या साखळीची वाकलेली कडी पकडीत धरली आणि सगळा भार टाकून लोंबकळली. खालून बाबांनी शिडी धरली.

"डावीकडे पीळ, पोरी!"

"माहितेय हो!"

"आज डाव्या-उजव्याची खात्री करून घे!"

तिला हसू फुटलं आणि हसता हसताच कडी सुटली. झडप धाडकन खाली गेली. समोर टेकडीची काळी कड आणि तिच्यावर चार बोटं आकाश उरलं होतं. "घ्या!" ती ओरडली. "घ्या फोटो!"

आतून डॉक्टर मोठ्याने सेकंद मोजत होते. भडक्याला दीड तास झाला होता. आकडा आला तेव्हा ती धापा टाकत दारात उभी होती.

"जुना तारा दहा हजार. हलला नाही." डॉक्टर स्क्रीनला नाक लावून वाचत होते. "आणि हा... तीन हजार आठशे!"

"पाठवा!"

"पाठवलं!"

पाच मिनिटांत टेकडीने तो ठिपका गिळला. त्यांच्यापुरतं ते संपलं. आता हातात काही नव्हतं. डबा उघडून तिघांनी त्यातच खाल्लं, एका चमच्याने, कारण बाबांनी एकच आणला होता. डॉक्टर दर घासाला फोन बघत होते आणि डबा संपून तीन तास उलटले तरी बघतच राहिले. आरशाबद्दल ते काहीच बोलले नाहीत आणि पक्कडला ते जास्त लागत होतं.

"बोला एकदाचं," ती शेवटी म्हणाली.

"काय बोलू? यादी मीच पुसली."

"ती पुसली हा तुमचा गाढवपणा. मी लिहिलं नाही हा माझा. त्यात वाटणी नको."

डॉक्टर हसले. तेवढ्यात फोन वाजला. मोठ्या दुर्बिणीवरच्या बाई होत्या आणि त्या इतक्या भरभर बोलत होत्या की डॉक्टरांनी फोन मोठ्याने लावला. तुमच्या जागेवर बरोब्बर सापडला, त्या म्हणाल्या. उजेडाच्या पट्ट्या मिळाल्या. तो उजेड निघाला त्याला नऊशे कोटी वर्षं झाली. दहा मिनिटं उशीर झाला असता तर आमच्याकडेही मावळला असता. कुणी शोधला हो?

डॉक्टरांनी पक्कडकडे बघितलं. "आमच्या मेकॅनिक बाईंनी. पत्रकावर पहिलं नाव त्यांचंच आहे."

पक्कडने पत्रक वाचलंच नव्हतं. तिला वाचायचंही सुचलं नाही. तिचे कान तापले आणि ती सरळ उठून दाराकडे चालू लागली.

"कुठे निघालीस?" बाबांनी विचारलं.

ती फळ्याशी गेली. डस्टर उचललं आणि समीकरण या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसलं. मग खडू घेऊन मोठ्या अक्षरात लिहिलं: तिरका आरसा काढला आहे, चित्र उलटं येतं. खाली तीन दिवसांपूर्वीची तारीख. आणि तिच्या खाली: आज लिहिलं.

डॉक्टर मागे येऊन उभे राहिले. त्यांनी ते सगळं वाचलं, दोनदा.

"आणि माझं समीकरण?"

"वाणसामान होतं," पक्कड म्हणाली. "खालच्या झडपेचं लिहायचं राहिलंय. तो खडू द्या इकडे, हा तुटला."

डॉक्टरांनी खिशातला स्वतःचा खडू काढून तिच्या हातावर ठेवला.