कमांड माझ्यापर्यंत आलीच नाही

त्या दुपारी सुसाटला हवं होतं ते इतकंच, की ऑफिसातून लवकर निघावं. सुसाट म्हणजे आमचा इंजिनिअर. टायपिंगच्या वेगावरून पडलेलं नाव. लेकीचं शाळेत नाटक होतं. ती झाड झाली होती आणि बाबाने पुढच्या रांगेत बसावं असा तिचा हट्ट होता. माझं पोट रिकामं केलं, की तो सुटला.

मित्रांनो, मी टेस्टिंगचा एक जुना संगणक. कंपनीच्या कोपऱ्यात, चहाच्या मशीनशेजारी घरघरत असतो. नवा प्रोग्राम आधी माझ्यावर चालवायचा. कोसळलो तर मी कोसळतो, गिऱ्हाईक नाही. एके काळी माझं काय कौतुक! टीमच्या ताई नव्यांना सांगायच्या, "आधी याला पाडा, मग जगाला दाखवा." पुढे घाई वाढली आणि माझ्यावर धूळ.

माझ्यात डोळ्यांच्या एका दवाखान्याच्या खोट्या पेशंटची यादी होती; तीच पुसायची होती. खरी यादी लाइव्ह सर्व्हरवर, म्हणजे दवाखाना रोज वापरतो त्या संगणकावर. सुसाटसमोर पडद्यावर माझी आणि त्या सर्व्हरची, अशा दोन खिडक्या उघड्या होत्या. दोन्ही काळ्या, जुळ्यांसारख्या. कोण कोणती, ते वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

"पुसलं!" म्हणत त्याने बॅग उचलली.

मी चरकलो. माझं पोट तर भरलेलंच! मग पुसलं कुणाचं? ओरडायला तोंड नाही. नुसता पंखा गरगरवत राहिलो.

"याला काय झालं कोकलायला?" ताई म्हणाल्या. तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्याची यादी गायब होती.

"बॅकअप आहे ना, ताई! रोज घेतो आपण."

"घेतोस रे. कधी परत उतरवून पाहिलास?"

"'बॅकअप झाला' अशी हिरवी खूण येते की रोज..."

"मग बसव त्या खुणेलाच दवाखान्यात पेशंट म्हणून!"

बॅकअप माझ्यावर उतरवला. आत नावांचे रकाने होते, नावं नव्हती.

मित्रांनो, कोणती प्रोग्रामिंगची भाषा चांगली, यावर खुशाल भांडा. पण बटण दाबण्याआधी आपण कुठे आहोत ते वाचायला आणि जपून ठेवलेलं परत काढून बघायला आधी शिका. आणि माझ्यासारख्याला बिनधास्त पाडा, मी त्यासाठीच आहे.

सुसाटला बोलणी बसली, नाटकही हुकलं. साहेबांनी दवाखान्याला 'तांत्रिक अडचण' म्हणून गोड मेल धाडली. आणि डोळ्यांवर पट्टी बांधून आलेल्या आजोबांना "तुमचं नाव सापडत नाही" म्हणत संध्याकाळपर्यंत शिव्या खाल्ल्या त्या दवाखान्याच्या काउंटरवरच्या मुलीने. तिने तर एकही बटण दाबलं नव्हतं.