पायरी मोकळी ठेवा

मी एक जुनी मोगरी आहे. मित्रांनो, मोगरी म्हणजे बाभळीच्या लाकडाची लांब दांड्याची पाचर. रथाच्या चाकापुढे मला सरकवतात. डाव्या चाकाला लावली की ते चाक अडतं, उजवं पुढे जातं आणि रथ डावीकडे वळतो. दोन्ही चाकांना लावली की रथ थांबतो. रथाला ना स्टिअरिंग, ना ब्रेक. आहे ती मी आणि माझ्या बहिणी.

कार्तिकात आमच्या जळगावात रथ निघतो. दोर ओढणाऱ्यांचे फोटो छापून येतात. थांबवणाऱ्यांचा कधी आला नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त लक्षात आहे.

माझं लाकूड जामनेरकडचं. सुताराने मला तासलं, तोंडाला लोखंडी पट्टी ठोकली आणि रथाला मोगरी लावणाऱ्या झुलालनानांच्या हातात दिलं. त्याला एकतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत आमचा रथ एकाही भिंतीला घासलेला नाही. हे मी स्वतः सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

परवाच्या रथाआधी रथोत्सव समितीचे प्रेमराजभाऊ नानांकडे आले.

"नाना, यंदा कुठे घासला, तर पुढच्या वर्षी लोखंडी ब्रेक. मोगरी काचेच्या कपाटात ठेवू. सन्मानाने."

नाना म्हणाले, "कपाट तुमनं, तुमीच बसा त्यामा."

पण मित्रांनो, त्या रात्री माझ्या पट्टीचे खिळेसुद्धा गार पडले होते. मोगरीचा सन्मान चाकाखाली असतो.

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या कापड दुकानवाल्या निर्मलकुमार शेठजींच्या मुलाने, अखिलने, बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी एक माहितीपत्रक काढलं. पत्रक चांगलं होतं. गाडी पिंप्राळ्याकडे लावा, पुढे चालत या. चप्पल पट्ट्याची घाला, नाहीतर एकच घेऊन घरी जाल. जेवायला भरीत आणि कळण्याची भाकरी मागा, पण हिरवी मिरची बेताने. सगळं खरं. शेवटची ओळ मात्र अशी होती : 'फोटोसाठी उत्तम जागा : निर्मल वस्त्रभांडारची पायरी.'

ती जागा उत्तमच आहे. फक्त ती नानांची आहे. त्या अरुंद कोपऱ्यावर रथ डावीकडे वळतो. नाना पायरीकडे पाठ करून उभे राहतात, मला चाकापुढे टाकतात आणि दोन पावलं मागे, म्हणजे पायरीवर चढतात. एवढी जागा मिळाली नाही, तर पाय चाकाखाली जातो. मी वेळेवर पडले नाही, तर रथ सरळ समोरच्या सज्जात जातो.

त्या दिवशी रथ कोपऱ्याजवळ आला, तेव्हा पायरीवर चाळीस पाहुणे होते. सगळ्यांच्या हातात पत्रक, पत्रकावर मोबाइल.

"बठ्ठी दुनिया आठेच कसाले उभी शे भो? सरका," नाना म्हणाले. म्हणजे, सगळी दुनिया इथेच कशाला उभी आहे?

"काका, आम्ही सकाळपासून जागा धरलीय," टोपीवाला एक पाहुणा म्हणाला. "यात लिहिलंय तसं."

त्याने पत्रक दाखवलं. नानांनी अखिलकडे पाहिलं. अखिल दुकानाच्या काउंटरमागे गेला.

रथ पंधरा पावलांवर होता. दोर ओढणाऱ्यांना कोपरा दिसत नाही, त्यांना फक्त पुढचा जयघोष ऐकू येतो.

तेवढ्यात भडगावच्या वच्छलाबाई पुढे झाल्या. दरवर्षी रथाला येणाऱ्या, डोक्यावर पदर, काखेत पिशवी.

"ओ भाऊ, फोटो पाहिजे का पाय?"

"आजी, एकच मिनिट," टोपीवाला म्हणाला.

"राहा बापा. केळाचा प्रसाद पुढल्या चौकात सुरू झाला. संपत आला म्हणता. इथं नुस्ता रथच भेटल."

मित्रांनो, पायरी रिकामी झाली. टोपीवाला सगळ्यांच्या पुढे होता. पुढल्या चौकात खरंच केळी होती का, हे मी अजून विचारलेलं नाही.

नाना पायरीकडे पाठ करून उभे राहिले. चाक दोन हातांवर, मग एका हातावर. मग त्यांनी मला टाकलं. एवढं वजन अंगावर आलं, की माझी पट्टी कर्रर्र वाजली आणि तोंडाचा एक टवका उडाला. मी जागा सोडली नाही. नाना पायरीवर चढले होते. रथ वळला. समोरच्या सज्जावर एक मांजर बसलं होतं, तेही हललं नाही.

प्रेमराजभाऊंनी सज्जाचा कठडा बोटाने चाचपून पाहिला. बोट फक्त धुळीने माखलं.

"पुढच्या वर्षी बघू," ते म्हणाले.

"बघा. पन त्या पायरीवर उभं राहीसन नका बघू," नाना म्हणाले.

अखिलने नवं पत्रक केलं आहे. शेवटची ओळ नानांनी सांगितली आणि त्याने गुपचूप लिहिली : 'कोपऱ्यावरची पायरी मोकळी ठेवा. तिथे झुलालनानांचं काम असतं.' खाली प्रथमच एक फोटो छापला आहे. त्यात रथ निम्माच दिसतो. मी पूर्ण दिसते, टवक्यासकट.

तर मित्रांनो, रथाला जरूर या. भरीत खा, दोराला हात लावा. पण चाकाजवळ कोणी मोगरी घेऊन उभं असेल, तर त्याला दोन पावलं जागा द्या. आणि तुमच्या गावात माझ्यासारखं एखादं जुनं लाकूड असेल, तर त्याला काच बसवू नका. वर्षातून एकदा जवसाचं तेल पाजा आणि कामावर पाठवा.