दोन ओंजळी खत आणि मी

मित्रांनो, मी एक जुना बंधारा आहे, पण बंधारा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येते ते मी नव्हे. माझ्यामागे मोठे तळे नाही की माझ्यावरून गाड्या जात नाहीत. जंगलातल्या ओढ्यावर आडवी घातलेली कमरेएवढी सिमेंटची भिंत आणि तिच्या मधोमध पोलादी पत्र्यात कापलेली त्रिकोणी खाच, टोक खाली असलेली, एवढाच माझा संसार. पाणी अडवणे हे माझे काम नाही. आलेले पाणी त्या खाचेतून जाऊ द्यायचे आणि किती गेले ते सांगायचे, हे माझे काम. या कामात माझा हात धरणारा या डोंगरात कोणी नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बावीस वर्षांपूर्वी मला बाईंनी बांधून घेतले. बाई म्हणजे शास्त्रज्ञ. जंगलातून ओढ्यात काय काय वाहून येते, हा त्यांचा अभ्यास. खाच केसभरही तिरकी चालणार नाही म्हणून त्यांनी गवंड्याकडून पत्रा तीनदा उखडून बसवून घेतला. तिसऱ्या वेळी गवंड्याने थापी खाली ठेवली आणि दुसरा माणूस बघा म्हणून सांगितले. बाईंनी सपाटी तपासायची पाणसळ त्याच्या हातात दिली आणि तुम्हीच बघा म्हणाल्या. त्याने पाहिले, पत्रा अजून किंचित तिरकाच होता, आणि त्याने पुन्हा थापी उचलली. आजही माझी खाच तसूभर हललेली नाही.

माझी देखभाल रखवालदार मामांकडे आली. दर सोमवारी सकाळी ते यायचे. आधी खाचेजवळच्या आकड्यांच्या पट्टीवर पाण्याची उंची वाचायची, मगच खाचेत अडकलेली पाने काढायची, हा नियम. मग बाटली ओढ्याच्या पाण्याने तीनदा खळबळून भरायची आणि वहीत नोंद करायची. वहीत चार रकाने होते: तारीख, उंची, बाटलीचा क्रमांक आणि शेरा. बाईंनी बजावले होते, की भिंतीजवळ जे घडेल ते शेऱ्यात लिहा, अगदी अस्वल आले तरी लिहा. मामा शब्दाला इतके जागणारे, की पहिले वर्षभर दर सोमवारी त्यांनी 'अस्वल आले नाही' असे लिहिले. बाई पोट धरून हसल्या आणि हळूहळू त्यांनी शेरा वाचणेच सोडून दिले. आकडे मात्र त्या डोळ्यांत तेल घालून तपासायच्या.

ते आकडे काय सांगत होते ते ऐका. झाडाला वाढायला नत्र, म्हणजे नायट्रोजन, लागते. पान गळते, कुजते, त्यातले नत्र मातीत उतरते आणि मुळे ते पुन्हा उचलून घेतात. माझ्या वरच्या उतारावरचे जंगल या बाबतीत पक्के चिकट आहे. माझ्याकडे येणाऱ्या पाण्यात ते नत्राचा जेमतेम मागमूस सोडते. पलीकडच्या खोऱ्यात माझा धाकटा भाऊ आहे, अगदी माझ्यासारखाच. त्याच्या वरची झाडे एकदा सरसकट तोडली गेली. दोन पावसाळ्यांत त्याच्या पाण्यातले नत्र कितीतरी पटींनी वाढले. जंगलाने वर्षानुवर्षे जपलेले धन खाली वाहून चालले होते. दोघांचे आकडे शेजारी ठेवून बाईंनी हे दाखवून दिले.

तुम्हाला वाटेल, आमचे दोघांचे सारखेच कौतुक झाले असेल. छे! पाहुणे यायचे ते धाकट्याचे गढूळ पाणी बघायला. माझ्याकडे बघण्यासारखे काही नाही म्हणून माघारी जायचे. माझी पट्टी पुसट झाली, भिंतीवर शेवाळ चढले. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? मामांनाही ते लागले. मोठे पाहुणे येणार असे कळताच त्यांनी माझ्या काठाला फुलझाडे लावली. पुढच्या वेळी बाई थबकल्या आणि म्हणाल्या, "मामा, काय फुलं आलीत हो!" मामांची छाती फुगली. तेव्हापासून दर आठवड्याला झाडांना दोन ओंजळी खत मिळू लागले. त्यातले नत्र पावसाने विरघळून थेट माझ्या पाण्यात उतरत होते. मला सगळे कळत होते, पण भिंतीला तोंड कुठे असते?

वर्षभर माझ्या पाण्यातले नत्र चढत राहिले. आणि नेमकी त्याच वेळी माझ्या वरचा सगळा उतार साफ करण्याची योजना पुढे आली. निर्णय घेणाऱ्या समितीच्या साहेबांनी बाईंना विचारले, की झाड न तोडताही नत्र वाढते, तर मग तोडीला दोष कसा देता? प्रश्न रास्त होता. दहा दिवसांनी बैठक होती, तिथे उत्तर द्यायचे होते. हे एक वर्ष विचित्र म्हणून गाळून टाका, असा सल्ला त्यांना कोणीतरी दिला. बाईंनी तो धुडकावला.

बाई सगळ्या वह्या घेऊन माझ्या भिंतीवर येऊन बसल्या. आकडे पुन्हा तपासले. काही हाती लागेना. शेवटी, कित्येक वर्षांनी, त्यांचे बोट शेऱ्याच्या रकान्यावर गेले. 'भिंतीलगत फुलझाडे लावली. दोन ओंजळी खत.' पुढच्या सोमवारी: 'पुन्हा दोन ओंजळी. बाईंना फुले आवडली.' त्यापुढे पानोपानी तेच. बाईंनी माझ्या काठाकडे पाहिले. फुले मजेत डोलत होती.

मामांना बोलावून त्यांनी ती ओळ दाखवली. मामांचा चेहरा पार उतरला.

"म्हणजे माझ्यामुळे जंगल जाणार, बाई?"

"मामा, तुम्ही लिहून ठेवलंत. वाचलं नाही ते मी."

एवढे बोलताना बाईंना रडूच आले. मग डोळे पुसून त्यांनी दोन बाटल्या मागितल्या. एक भरली फुलांच्या वर चाळीस पावलांवर, दुसरी माझ्याजवळ. वरच्या पाण्यात नत्र पूर्वीइतकेच निघाले. जंगल आपला चिकटपणा विसरले नव्हते.

बैठकीची हकिगत मामांनी मला सांगितली. म्हणजे त्यांनी पाने काढता काढता स्वतःशीच सांगितली, मी ऐकली. बाईंनी आपली चूक आधी कबूल केली आणि मग मामांचे शेरे एकेक करून वाचून दाखवले. साहेब म्हणाले, "दोन ओंजळींनी एवढा फरक पडतो?"

"हो. आणि झाडांनी त्या उतारावर अशा किती ओंजळी धरून ठेवल्या आहेत, ते तुम्हीच ठरवा."

साहेबांनी वही आपल्याकडे ओढली आणि शेरे स्वतः वाचून काढले. योजना रद्द झाली.

फुलझाडे आता मामांच्या खोलीमागे आहेत, ओढ्यापासून दूर. माझी पट्टी नव्याने रंगवली आहे आणि शेवाळ दर महिन्याला निघते. उतारावरची झाडे उभी आहेत, आणि माझ्या पाण्यात पुन्हा सांगण्यासारखे काही नसते. आता मला त्याचे वाईट वाटत नाही, उलट ऐट वाटते. मित्रांनो, माझ्यासारखा एखादा बंधारा दिसला तर त्याच्यावर दगड रचू नका, खाचेत काठ्या खुपसू नका. आणि आपल्यासाठी कोणी मनापासून काही लिहून ठेवत असेल, तर ते कंटाळवाणे वाटले तरी वाचा.

या सोमवारी मामांनी वही माझ्या भिंतीवर उघडी ठेवली होती. मागच्या आठवड्याच्या शेऱ्यात त्यांनी लिहिले होते, 'खाचेत पाने होती. आधी उंची वाचली, मग काढली. अस्वल आले नाही.' आणि त्याच्यापुढे बाईंच्या अक्षरात एकच शब्द होता: 'वाचले.'