मागची बाजू

"आई, ढगळ झालाय गं झगा! काहीतरी कर ना, आत्ता नंबर येईल माझा," लेक रडवेली होऊन म्हणाली आणि गाणी लावणाऱ्याला गाठायला पडद्यापलीकडे पळाली.

तिच्या आईने, काचवालीने, समोरच्या पोरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ठरलेली मॉडेल तापाने आडवी झाली होती. ऐनवेळी पकडून आणलेली ही पोरगी अगदीच पाप्याचं पितर. करडा झगा तिच्या खांद्यांवरून घरंगळत होता.

"सरळ उभी राहा. हलू नकोस," काचवाली म्हणाली आणि पर्समधून टाचण्यांची डबी काढली.

काचवाली हे नाव तिला दुकानात पडलं होतं. कपड्यांच्या मोठ्या दुकानाच्या शोकेसमध्ये पुतळ्यांना कपडे घालायचे, हे तिचं काम. लग्नाआधी धरलेली नोकरी अजून चालू होती. पुतळे सगळे एका मापाचे, कपडे मात्र हाती येतील त्या मापाचे. मग पाठीमागे चुण्या घालायच्या, टाचण्या लावायच्या, की समोरून कपडा अंगासाठीच शिवल्यासारखा बसतो. एखादा नवा सेल्समन मागे डोकावून हसला, की ती फटकारायची, "पाठ कोण बघतंय? गिऱ्हाईक काय भिंतीतून येणारे?"

काम झालं की ती रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जायची आणि आपली शोकेस बघत उभी राहायची. सगळ्या शहरात तिला ती जागा सर्वांत आवडायची. लेक लहान असताना शाळा सुटली की तिथल्याच कठड्यावर बसून हुकूम सोडायची, "आई, डावी बाही वर घे." काचवाली सगळ्यांना सांगे, "या शहरात माझ्याइतकी चित्रं कुणाची बघितली जात नाहीत. आणि तिकीटही नाही." ती हे गमतीने म्हणायची, पण तिला ते खरंच वाटायचं.

तीच लेक आता कपड्यांचं डिझाइन शिकत होती आणि आज तिची शेवटची परीक्षा होती. झगा तिने कॉलेजातच शिवला, घरी दाखवला नाही. "तिथेच बघ, आई," एवढंच म्हणाली होती. नियम कडक होता: काम स्वतःचं, घरच्यांचा हात लागला तर नापास. म्हणून तर काचवालीला मागच्या दाराने, इस्त्रीवाल्या बायकांच्या घोळक्यातून आत यावं लागलं होतं.

तिने पोरीला वळवलं. पाठीवर गच्च भरतकाम होतं. मिणमिणत्या उजेडात रंगीत दोरे तेवढे कळले. एवढं सुरेख काम चुण्यांत घालताना तिचा जीव हळहळला. पण वेळ नव्हता आणि हातांना एकच गोष्ट ठाऊक होती. तिने भराभर चुण्या घातल्या, टाचण्या लावल्या. समोरून झगा असा बसला की पोरगी स्वतःच आरशात बघून हरखली.

गाणं सुरू झालं. काचवाली पडद्याच्या फटीला डोळा लावून उभी राहिली. पोरगी झोकात चालत गेली, टोकाला थांबली आणि वळली.

पुतळे कधी वळत नाहीत.

सभागृहात आधी कुजबुज झाली, मग कुणीतरी फिसकन हसलं. पाठीवर टाचण्यांची रांग चकाकत होती आणि भरतकाम चुण्यांत गडप झालं होतं. पडद्याशी उभ्या असलेल्या लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिची सगळी परीक्षा त्या पाठीवर होती.

परीक्षक बाई तडक मागे आल्या. "हे कुणी केलं?"

लेकीने तोंड उघडलं. ती खरं बोलणार, हे काचवालीला दिसलं. एवढीशी होती तेव्हापासून तिला खोटं जमत नव्हतं.

"मी केलं, मॅडम," काचवाली पुढे होऊन म्हणाली. "मी इस्त्रीवाली. मला ढगळ दिसलं, म्हटलं लावून देऊ."

"या मुलीला विचारलं होतंत?"

"नाही. ती इथे नव्हतीच. माझीच अक्कल."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, एका मुलीचं वर्ष गेलं असतं! टाचण्या काढा त्या. शेवटी पुन्हा एकदा जाऊ दे तिला. आणि तुम्ही इस्त्रीपाशीच थांबा."

"हो मॅडम," काचवाली म्हणाली आणि मुकाट्याने इस्त्रीच्या टेबलामागे जाऊन उभी राहिली.

पोरगी पुन्हा निघाली. या वेळी झगा ढगळच होता, पण ती वळली आणि टाळ्या पडल्या. परत येऊन ती पडद्यापाशी पुन्हा वळली, तशी काचवालीने टेबलापासूनच फटीकडे मान लांब केली. पाठीवर सगळं शहर होतं. पूल, वाचनालयाच्या पायऱ्या, बागेतले बाक, आणि कमरेपाशी निळ्या दोऱ्याने भरलेली एक काच. काचेमागे एक बाई पुतळ्याला बाही चढवत होती. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, चंदेरी दोऱ्याच्या. काचवालीचे डोळे भरून आले. एवढा आनंद तिला आयुष्यात झाला नव्हता, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती.

परीक्षक बाईंनी लेकीला आणि पोरीला जवळ बोलावून झगा निरखला. "या सगळ्या तुझ्या आवडत्या जागा?" त्यांनी लेकीला विचारलं. "मग काचेतली ही बाई कोण?"

"माझी आई," लेक म्हणाली.

"वा! आल्यात का त्या आज? भेटायला आवडेल मला."

लेकीने पडद्याच्या फटीतून मागे बघितलं. काचवालीने जागेवरूनच मान हलवली. नाही.

"नाही आली," लेक म्हणाली. "कामावर आहे."

"मावशी," एका मुलीने काचवालीपुढे स्कर्ट टाकला, "एवढा जरा दाबून द्या ना, पटकन."

"दे," काचवाली म्हणाली. तिने स्कर्ट पसरला, आधी मागची बाजू वर घेतली आणि इस्त्री उचलली.