वडिलांची साक्ष

त्या सोमवारी सकाळी साडेदहाच्या ठोक्याला विवाह नोंदणी कार्यालय उघडलं आणि पावणेअकराला पहिलीच जोडी साक्षीदारावाचून अडली. तीन साक्षीदार घेऊन या म्हणून आठ दिवस आधी लेखी कळवलेलं असतं. पण लग्नाच्या दिवशी माणसं अंगठी विसरत नाहीत, फोटोवाल्याला विसरत नाहीत, विसरतात ते नेमकं साक्षीदाराला. यांचे दोन मित्र आले होते, तिसऱ्याची गाडी चुकली होती. नवरी रडकुंडीला आली आणि नवरा फोनवर फोन लावत सुटला.

"अहो ताई, रडता कशाला?" शिपाई म्हणाला. "आमचे भाऊसाहेब आहेत ना! अर्ध्या शहराचे साक्षीदार आहेत ते. त्यांनी सही केलेली लग्नं मोडत नाहीत, गॅरंटी!"

भाऊसाहेब म्हणजे तिथले थोरले कारकून. ते उठले, चष्मा पुसला, जोडीकडे नीट बघून घेतलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "दोघंही खुशीनं करताय ना?" दोघं हो म्हणाली. मग दोघांच्या सह्या समोर होईपर्यंत ते थांबले आणि त्यानंतरच त्यांनी 'साक्षीदार' या शब्दाखाली आपली गोल, सुबक सही केली. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करायची नाही, हा त्यांचा बाणा होता. तीस वर्षांत त्यांच्या रजिस्टरात एक खाडाखोड नव्हती, आणि याचा त्यांना अभिमान होता. थोडा जास्तच होता.

हेच गृहस्थ रविवारी चर्चमध्ये 'वडील' असत. ख्रिस्ती मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांना 'वडील' म्हणतात, आणि भाऊसाहेब अठ्ठावीस वर्षं वडील होते. भक्ती संपता संपता कुणीतरी उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगतं, त्याला साक्ष देणं म्हणतात. भाऊसाहेब साक्षीला उभे राहिले की बायका आधीच रुमाल काढून ठेवत. "ऑफिसातली लग्नं कागदाची, चर्चमधली देवाची," असं ते हसत हसत म्हणायचे. सोमवार ते शनिवार सरकारचे, रविवारी देवाचे, अशी त्यांनी स्वतःची सोयीस्कर वाटणी करून ठेवली होती.

दुपारी घरून फोन आला.

"अहो, मैना आलीय," बायको म्हणाली. "घरी या."

"कशी आलीय?"

"या म्हणतेय ना!"

मैना ही त्यांची एकुलती एक मुलगी. सहाव्या वर्षापासून चर्चच्या गायकवृंदात गायची म्हणून मैना. भाऊसाहेब घरी पोचले तेव्हा ती दाराकडे पाठ करून खाटेवर बसली होती. त्यांनी हाक मारली. मग जरा मोठ्यानं मारली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. तिचा डावा कान दीड वर्षापूर्वीच गेला होता, म्हणून ते सवयीनं उजव्या बाजूला गेले आणि वाकून म्हणाले, "बाळ, कधी आलीस?"

ती दचकली. शब्दांनी नव्हे, त्यांच्या श्वासानं. मग त्यांच्या ओठांकडे टक लावून म्हणाली, "मोठ्यानं बोला ना, पप्पा!" हे ती इतकं ओरडून बोलली की शेजारणीनं खिडकीतून डोकावून पाहिलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. "बोला आता," ती म्हणाली. "आता कुठल्या बाजूला बसाल?"

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगितलंच पाहिजे. आपण सगळ्यांनी मिळून अशाच गोष्टी न सांगता ठेवल्या आहेत.

जावई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. देखणा, गोड बोलणारा. इतकी नाजूक बोटं कुणावर उगारली जातील असं स्वप्नातही कुणाला वाटलं नसतं. भाऊसाहेबांनीच तो पसंत केला होता. पहिल्याच वर्षी मैना दोनदा माहेरी आली, एकदा दंडावर वळ घेऊन, एकदा सुजलेला गाल घेऊन. दोन्ही वेळा भाऊसाहेबांनी स्वतः तिची बॅग उचलली आणि तिला बसमध्ये बसवून दिलं. "संसारात थोडं सोसावं लागतं, बाळ," असंही वर सांगितलं. तिसऱ्यांदा डाव्या कानातून रक्त आलं. तेव्हा मात्र ती माहेरी आली नाही. ती थेट घरातल्या मारहाणीच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संरक्षण अधिकारी बाईंकडे गेली. त्या बाईंची खोली भाऊसाहेबांच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. तिला ती खोली कशी सापडली? लहानपणी वडिलांचा डबा घेऊन येताना तिनं त्या दारावरची पाटी वाचली होती.

अर्ज कोर्टात गेला आणि मंडळीत खळबळ उडाली. आजवर आपलं एकही घर कोर्टाची पायरी चढलं नव्हतं! चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणाले, देवासमोर बांधलेलं नातं सरकारनं सोडवायचं म्हणजे काय? आणि कोर्टानं भाऊसाहेबांनाच साक्षीला बोलावलं. त्यांनी देवाला स्मरून खरं सांगेन अशी शपथ घेतली. जावयाच्या वकिलानं विचारलं, "मुलीला कानाचा त्रास आधीपासून होता का?"

"लहानपणी तिचा कान वाहायचा," भाऊसाहेब म्हणाले.

"मारहाण झालेली तुम्ही पाहिलीत?"

"डोळ्यांनी पाहिलेली नाही."

दोन्ही उत्तरांत एक अक्षर खोटं नव्हतं. लहानपणी कान वाहायचाच. पण तो उजवा कान, आणि पंधरा दिवसांच्या औषधानं तो ठणठणीत बरा झाला होता. कुठला कान, हे कुणी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. मैनाच्या आईला ते ठाऊक होतं. पण "तू कोर्टात यायचं नाहीस" असं नवऱ्यानं बजावलं आणि तीही गेली नाही. अर्ज फेटाळला गेला. पुढच्या रविवारी नवराबायकोला वेदीपुढं उभं करून समेट घडवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि भाऊसाहेबांनी उभं राहून साक्ष दिली की देवानं माझ्या मुलीचं घर राखलं. रुमाल निघाले. त्या राखलेल्या घरात आता मैनाचा उजवा कानही गेला होता.

डॉक्टर म्हणाले, उजव्या कानानं थोडंफार ऐकू येऊ लागेल, कदाचित. डाव्याचं काही खरं नाही. अधिकारी बाईंनी दुसऱ्याच दिवशी नवा अर्ज केला आणि गुरुवार सोडून पुढच्या गुरुवारची तारीख मिळवली. जाता जाता त्या भाऊसाहेबांच्या टेबलाशी थांबल्या. "मागची तुमची साक्ष पुन्हा वाचून दाखवतील," एवढंच त्या म्हणाल्या. भाऊसाहेबांनी मान वर केली नाही.

बुधवारी संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. माणूस वाईट नव्हता, हे इथं सांगायलाच हवं. भाऊसाहेबांच्या ऑपरेशनच्या वेळी अकरा दिवस दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसलेला माणूस तो.

"वडील, पुन्हा कोर्ट नको," ते म्हणाले. "पोरगा चुकला. माझ्यासमोर ढसाढसा रडला."

"मागच्या वेळीही रडला होता," आतून बायकोचा आवाज आला.

"वहिनी, मी मारणाऱ्याची बाजू घेत नाहीये." त्यांचा चेहरा खरोखरच उतरला होता. "पण बाहेर काय चाललंय ते बघा. आपलीच मुलं आपल्याला जुनाट म्हणून हसतात. सरकारला लग्न म्हणजे भाड्याची खोली वाटते, नको झाली की सोडा. आज ते आपल्या स्वयंपाकघरात शिरतील, उद्या वेदीपाशी येतील. आपण मूठभर माणसं. अब्रूशिवाय आपल्याकडं आहे काय?"

बायको बाहेर आली. "अब्रू कुणाची हो, पाळकसाहेब? कान तर माझ्या मुलीचे गेले!"

पाळकसाहेबांनी चहा अर्धा ठेवला. "या रविवारी तुम्ही साक्ष द्या, वडील. आमचं कुटुंब देवाच्या दारात न्याय मागेल, सरकारच्या नाही, एवढंच म्हणा. मंडळीला धीर येईल. अर्ज मागं घ्यायचं मग बघता येईल."

आणि भाऊसाहेब काय म्हणाले असतील? "बरं," म्हणाले. अठ्ठावीस वर्षांची सवय होती ती.

मैना कप उचलायला आली. तिला यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. ती नुसती एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. निघताना पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे आशीर्वादासाठी तिच्या डोक्याकडं हात उचलला. तशी ती झटकन खाली वाकली, कोपर वर घेतलं आणि उजवा कान झाकला. कप फरशीवर पडून फुटला.

पाळकसाहेबांचा हात तसाच वर राहिला. मग तो त्यांनी हळूच खिशात घातला आणि चपला घातल्या. भाऊसाहेब मात्र खुर्चीला खिळून राहिले. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही न करणाऱ्या माणसानं आता डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मैना गुडघे टेकून काचा गोळा करत होती आणि "सॉरी, सॉरी" असं मोठमोठ्यानं म्हणत होती.

रविवारी चर्च भरलं होतं. गुरुवारच्या कोर्टाची कुणकुण सगळ्यांना लागली होती. जावई ऑर्गनवर होता; दुसरं कुणी वाजवणारं नव्हतं म्हणे. मैना आणि तिची आई शेवटच्या बाकावर बसल्या. पाळकसाहेबांनी खूण केली आणि भाऊसाहेब पुढे गेले. रुमाल निघाले.

"मागं मी इथं एक साक्ष दिली आणि त्याआधी कोर्टात एक दिली," ते म्हणाले. "दोन्ही खोट्या होत्या. कोर्टात मी म्हणालो, मुलीचा कान लहानपणी वाहायचा. तो उजवा कान होता. फुटला होता डावा. मी सांगितलं नाही. मला तुमची भीती वाटली. लोक म्हणतील, ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही तो कसला वडील? म्हणून मी मुलीला त्याच घरात परत पाठवलं, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी त्या टाळ्या कमावल्या. आता तिचे दोन्ही कान गेले."

ऑर्गनचा एक सूर चुकून दाबला गेला. जावई उठला आणि बाजूच्या दारानं बाहेर पडला.

"वडील, बसा," पंचांपैकी कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. "हे बोलायची ही जागा नाही."

"कुणाला बसायला सांगताय?" भाऊसाहेब म्हणाले. "मंडळीचे वडील खुशाल बसतील, उद्या राजीनामा घ्या माझा. पण हिचे वडील आज पहिल्यांदाच उभे राहिलेत. सरकारनं देवाच्या घरात शिरू नये, हे मलाही वाटतं. पण आपण माझ्या मुलीला कुठं जागा दिली होती? तिला वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दिली."

पुढच्या रांगेतली दोन कुटुंबं उठून गेली. पाळकसाहेब मान खाली घालून उभे होते. आणि शेवटच्या बाकावरून मैनाचा आवाज आला. आपण किती मोठ्यानं बोलतोय, हे तिला कळत नव्हतं.

"आई, पप्पा काय म्हणतायत? मला परत पाठवतायत का?"

सबंध चर्चनं ते ऐकलं. काढलेले रुमाल बायकांच्या हातात तसेच राहिले, आज डोळ्यांना लावायचीही त्यांना चोरी झाली. भाऊसाहेबांना ज्या एका माणसाला ही साक्ष द्यायची होती, त्या माणसाला ती ऐकू आली नव्हती. दीड वर्षापूर्वी आली असती. तेव्हा उजवा कान शाबूत होता.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. टेबलाशी बसून त्यांनी कोरा कागद घेतला.

"खोटी साक्ष दिली म्हणून तुमच्यावरच खटला होईल," बायको म्हणाली. "नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"मीही लिहून देते," ती म्हणाली. "मलाही ठाऊक होतं."

त्यांनी दुसरा कागद तिच्यापुढं सरकवला आणि आपला कागद त्याच गोल, सुबक अक्षरात लिहून काढला. मग मैनाला खुणेनं बोलावून तो तिच्या हातात दिला. ती उभ्यानंच वाचू लागली. उजव्या कानाची ओळ वाचताना तिनं एकदा वर पाहिलं, पुन्हा वाचू लागली. मग कागद टेबलावर ठेवून तिनं एका ओळीवर बोट ठेवलं.

ओळ अशी होती: 'डावा कान मारहाणीमुळे फुटला आहे, हे मला त्या वेळी कळलं नव्हतं.'

ती रागावलेली दिसली नाही. बोट मात्र तिथून हलवलं नाही.

भाऊसाहेब बराच वेळ त्या बोटाकडे पाहत राहिले. कागदात खाडाखोड केली की बाजूला सही करावी लागते, हा नियम त्यांनी तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवला होता. त्यांनी पेन उचललं. 'नव्हतं' वर रेघ मारली, डोक्यावर 'होतं' लिहिलं आणि बाजूला सही केली.